दातांचा दवाखाना नीट कसा ठेवावा: नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी

पुण्यातले बरेचसे दातांचे दवाखाने सोसायटीतल्या दोन-तीन खोल्यांत चालतात. बाहेर चपलांचा स्टँड, आत चार खुर्च्या, पलीकडे एक किंवा दोन डेंटल चेअर आणि मागे एक चिंचोळी जागा. तिथे बेसिन, ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने हत्यारं निर्जंतुक करणारं यंत्र), प्लास्टरचं पोतं आणि चहाचा थर्मास गुण्यागोविंदाने नांदत असतात. पेशंट पुढच्या खोल्या बघून दवाखाना किती स्वच्छ ते ठरवतो. पण एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला होणार की नाही, हे ठरतं मागच्या चिंचोळ्या जागेत. म्हणून मदतनीस म्हणून नव्याने लागलेल्या मुलामुलींना आणि नुकताच दवाखाना थाटलेल्या डॉक्टरांना शिकवताना मी मागून सुरुवात करते. फरशी सगळ्यात शेवटी.

कामाला लागण्याआधी

हेपॅटायटिस बीची लस झाली आहे का ते आधी बघा. तीन डोस असतात: पहिला, महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासलं की लस लागू पडली का ते कळतं. अँटीबॉडीचा आकडा (mIU/mL मध्ये) किमान १० हवा. धनुर्वाताची लसही हवीच. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला या लशी देणं दवाखान्याच्या मालकावर बंधनकारक आहे, त्यामुळे मागताना संकोचू नका. संध्याकाळी फरशी पुसून कचरा उचलणाऱ्या मावशीही यात येतात. यादीतून नेमकं त्यांचंच नाव राहतं.

नखं कापलेली, अंगठी-घड्याळ-बांगड्या काढलेल्या. बांगड्या वर सरकवून काम करणाऱ्या ताई मी पाहते. दर दोन मिनिटांनी त्या मनगटावर उतरतात आणि ग्लोव्हची कड फाडतात. पायांकडेही लक्ष द्या. चपला बाहेर काढायची आपली पद्धत पेशंटसाठी ठीक आहे, पण त्यामुळे मदतनीस दिवसभर अनवाणी फिरते आणि ट्रेमधून निसटलेला प्रोब (दात तपासायची टोकदार सळई) थेट पावलात जातो. आत वापरायला पुढून बंद असलेले बूट वेगळे ठेवा.

ग्लोव्ह दोन तऱ्हेचे लागतात. पेशंटजवळ पातळ, एकदाच वापरायचे. हत्यारं धुताना जाड रबरी, लांब हातांचे. पातळ ग्लोव्ह घालून स्केलरची (दातांवरचं कीटण काढायच्या हत्याराची) टोकं घासणं म्हणजे टोचून घ्यायची हमखास सोय.

मागची खोली

ओट्यावर रंगीत चिकटपट्टीची रेघ मारा. एका बाजूला वापरलेली हत्यारं, दुसऱ्या बाजूला फक्त निर्जंतुक झालेली. हत्याराचा प्रवास एकाच दिशेने होतो: भिजवणं, धुणं, तपासणं, कोरडं करणं, पाउचमध्ये (कागद-प्लास्टिकच्या पाकिटात) भरणं, ऑटोक्लेव्ह, कपाट. यात मागे फिरायचं ते फक्त डाग सापडला तर. ओटा पाच फुटांचा असला तरी ही रेघ पाळता येते. थर्मासला मात्र दुसरं घर शोधा.

चेअरवरून ट्रे आला की हत्यारं लगेच झाकणाच्या डब्यात, एन्झाइमच्या द्रावात बुडवा. गरम पाणी नको. कपड्यावरचा रक्ताचा डाग आपण गार पाण्यात काढतो, त्याचंच हे कारण: उष्णतेने रक्तातलं प्रथिन गोठून पक्कं बसतं. हायपोक्लोराइटमध्येही (ब्लीचचा द्राव, बोलताना ‘हायपो’) भिजवू नका, स्टीलला टोचे पडून गंज धरतो.

मग अल्ट्रासोनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्यात हत्यारं साफ करणारं मशीन. जाळीच्या टोपलीत, पकडी उघड्या ठेवून, झाकण लावून, पाच ते दहा मिनिटं. त्यातलं पाणी रोज बदलायचं. मशीन नीट चालतंय का ते बघायला ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चिमट्याने पाण्यात धरा, बोटं बुडवू नका. थोड्या वेळात सगळीकडे सारखे बारीक ठिपके आणि भोकं पडली तर ठीक; एक बाजू कोरीच राहिली तर टेक्निशियनला बोलवा. अल्ट्रासोनिक नसेल तर लांब दांड्याचा ब्रश, चष्मा आणि मास्क, आणि घासायचं ते पाण्याच्या पृष्ठभागाखाली, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत.

धुऊन झालं की उजेडात धरून बघा. घाण कुठे लपते ते ठरलेलं आहे: दात काढायच्या पकडीचा सांधा, बरच्या (दात कोरायच्या फिरत्या टोकाच्या) खाचा, स्केलरच्या टोकाचा वळसा आणि सिमेंट भरायच्या हत्याराचं चपटं तोंड. तिथे सुकलेलं सिमेंट दिसलं तर परत मागे. वाफ त्याच्या आत शिरत नाही, ऑटोक्लेव्ह कितीही महाग असो.

एअरोटर, म्हणजे हवेवर फिरून दात कोरणारं हत्यार, वेगळा. तो पाण्यात, अल्ट्रासोनिकमध्ये किंवा कुठल्याही द्रावात बुडवायचा नाही. पेशंट झाल्यावर चेअरवरच वीस-तीस सेकंद पाणी-हवा सोडून चालवा, बाहेरून पुसा, काढून तेलाचा स्प्रे मारा. डोक्यातून आधी काळपट तेल येतं. स्वच्छ यायला लागेपर्यंत मारायचं. जादाचं तेल निथळू द्या, मग पाउच आणि ऑटोक्लेव्ह. ‘स्पिरिटने पुसला, चालतंय’ हे बऱ्याच ठिकाणी ऐकाल. चालत नाही. एअरोटर थांबताना तोंडातली लाळ आणि रक्त आत ओढून घेतो आणि पुढच्या तोंडात सोडतो. डॉक्टरांना माझं सांगणं असं की वेटिंगरूमचा सोफा पुढच्या वर्षी घ्या, आधी दोन एअरोटर जास्तीचे घ्या.

पाउचवर तारीख आणि कितवी फेरी ते लिहा, पण प्लास्टिकच्या बाजूला किंवा कडेला. कागदावर पेनने लिहिलं तर भोक पडतं. ऑटोक्लेव्हमध्ये पाउच एकमेकांवर रचू नका, उभे लावा, मधून वाफ फिरली पाहिजे. साध्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअस आणि १५ पौंड दाबाला पाउचमधल्या हत्यारांना ३० मिनिटं. आधी हवा ओढून घेणाऱ्या बी क्लासच्या मशीनमध्ये १३४ अंशांना तीन-चार मिनिटं. ही वेळ तापमान गाठल्यानंतर मोजायची, बटण दाबल्यापासून नाही. एअरोटरसारख्या पोकळ वस्तूंना बी क्लासच हवा, कारण साध्या मशीनमध्ये आतली हवा तशीच अडकून राहते. वाळवण्याची फेरी पूर्ण होऊ द्या. पाउच ओलं बाहेर आलं तर ते निर्जंतुक राहिलेलं नाही. ओल्या कागदातून जंतू आत जातात.

पाउचवरच्या खुणेचा रंग बदलला म्हणजे उष्णता मिळाली एवढंच कळतं. पाउचच्या आत टाकायची इंडिकेटर पट्टी त्याहून जास्त सांगते. आणि आठवड्यातून एकदा स्पोअर टेस्ट: जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस हा उष्णतेला सहसा दाद न देणारा जंतू. त्याची कुपी हत्यारांसोबत ठेवायची आणि नंतर तो जगला का ते बघायचं. तो मेला तर बाकीचे मेलेच.

हिरवट द्रावाचा ‘कोल्ड स्टरलायझेशन’चा डबा अजून पुष्कळ ठिकाणी दिसतो. दोन टक्के ग्लुटाराल्डिहाइडने खऱ्या अर्थाने निर्जंतुक व्हायला सुमारे दहा तास लागतात. दोन पेशंटच्या मध्ये दहा मिनिटं बुडवून काही साधत नाही, डोळे तेवढे चुरचुरतात. जे उष्णता सोसतं ते ऑटोक्लेव्हमध्येच जाऊ द्या.

चेअरमधलं पाणी

हा भाग कोणी शिकवत नाही म्हणून जरा सविस्तर. एअरोटर, स्केलर आणि थ्री वे सिरिंजला (पाणी-हवा मारायच्या पिचकारीला) पाणी नेणाऱ्या नळ्या अगदी अरुंद असतात, पाणी हळू वाहतं आणि रात्रभर साचून राहतं. आतल्या भिंतीवर जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. दंतोपचाराच्या पाण्यात एका मिलिलिटरला ५०० पेक्षा जास्त जंतू-वसाहती नसाव्यात असा निकष अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने दिला आहे. नळ्यांकडे लक्ष दिलं नाही तर हा आकडा सहज ओलांडला जातो. इटलीत २०११ मध्ये ८२ वर्षांच्या एका बाईंना दवाखान्यातल्या चेअरच्या पाण्यातून लेजिओनेला या जंतूचा न्यूमोनिया झाला आणि त्या गेल्या. कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइममध्ये २०१६ मध्ये दुधाच्या दातांच्या नसांचे उपचार झालेल्या कितीतरी मुलांच्या जबड्यात मायकोबॅक्टेरियम या जंतूचा संसर्ग गेला, तोही पाण्यातूनच.

करायचं काय? सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी प्रत्येक नळी दोन मिनिटं सोडा. प्रत्येक पेशंटनंतर वीस-तीस सेकंद. पण नुसत्या पाणी सोडण्याने थर जात नाही, त्यासाठी कंपनीने सांगितलेलं जंतुनाशक ठरल्या दिवशी घालावंच लागतं. चेअरला वेगळी बाटली असेल तर टाकीचं पाणी न घालता डिस्टिल्ड वापरा, बाटली लावताना आतल्या नळीला बोट लावू नका, रात्री बाटली रिकामी करून उपडी ठेवा. हाड कापून दात काढायचा असेल तर चेअरचं पाणी नकोच, निर्जंतुक सलाइन.

ऑटोक्लेव्हलाही डिस्टिल्डच. महापालिकेच्या पाण्यावर असलेल्यांना एकवेळ फरक जाणवणार नाही, पण बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या उपनगरातल्या सोसायट्यांत पाणी जड असतं आणि हीटरवर पांढरा थर बसतो. आरओचं पाणी प्यायला ठीक, तेही ऑटोक्लेव्हसाठी पुरेसं शुद्ध नसतं.

पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद असतं ते बहुधा गुरुवारी, आणि शुक्रवारी सकाळी ‘उशिरा व कमी दाबाने’ येतं. बुधवारी रात्री बादल्या भरून ठेवा. शुक्रवारी आधी बेसिनचा नळ सोडून गढूळ पाणी जाऊ द्या. ते चेअरच्या फिल्टरमध्ये गेलं की स्केलरचं पाणी बारीक होतं.

दोन पेशंटच्या मध्ये

सुई सगळ्यात आधी, आणि ती ज्याने वापरली त्यानेच टाकायची. टोपण परत लावायचंच असेल तर ते ट्रेवर आडवं ठेवून एका हाताने सुई आत सरकवा. दुसऱ्याच्या ट्रेमधली सुई मदतनिसाने शोधत बसायचं, ही अनेक दवाखान्यांतली रीत मोडायला हवी. डॉक्टर कितीही मोठे असोत.

मग पुसणं. दिव्याची मूठ, स्विच, थ्री वे सिरिंज, ट्रेची कड, डोक्याची उशी, शेवटी स्पिटून (चूळ टाकायचं भांडं). फडकं वरून खाली आणि स्वच्छाकडून घाणीकडे जातं, उलट कधीच नाही. एकदा पुसून मळ काढायचा, दुसऱ्यांदा जंतुनाशक लावून बाटलीवर लिहिलेली मिनिटं ओलं राहू द्यायचं. लगेच कोरडं केलं तर दुसरं पुसणं वाया गेलं. मूठ आणि स्विचवर पातळ प्लास्टिक गुंडाळलं असेल तर ते काढून नवं लावा. चेअरच्या रेक्झिनला रोज स्पिरिट किंवा हायपो लावलं की त्याला चिरा पडतात, आणि त्या चिरा मग कुठल्याच औषधाने स्वच्छ होत नाहीत.

मिश्री लावणारे किंवा तंबाखू खाणारे पेशंट उठले की स्पिटूनच्या कडेखाली काळपट रेघ राहते. वरून पाणी सोडून ती जात नाही, ब्रश आत वळवावा लागतो. पुढचा पेशंट चूळ भरायला वाकला की त्याची नजर बरोबर तिथेच जाते.

लाळ ओढणाऱ्या लहान सक्शनभोवती पेशंटला ओठ मिटायला सांगू नका. नळीतलं आधीच्या पेशंटचं पाणी उलटं तोंडात येऊ शकतं.

कचरा

चार रंग पाठ करा. पिवळ्या पिशवीत रक्त-लाळ लागलेला कापूस, गॉज आणि काढलेले दात. लाल पिशवीत ग्लोव्ह, सक्शन टिप, सुई काढलेली सिरिंज. पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात सुया, ब्लेड, बर, दाताची नस साफ करायच्या फाइल, ब्रेसेसच्या तारांचे तुकडे. हा डबा तीन चतुर्थांश भरला की बंद. निळ्यात काचेच्या कुप्या. पिशव्यांना बारकोड, आणि ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचं नाही.

सोसायटीत ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई रोज ओला-सुका कचरा घ्यायला येतात आणि तो हाताने वेगळा करतात. दवाखान्यातून त्यांच्याकडे जायचं ते फक्त कागद, खोके आणि चहाचा चोथा. चुकून गेलेली एक सुई त्यांच्या बोटात शिरते, आणि ती कुठल्या पेशंटची हे कोणालाच कळत नाही.

दंतमहाविद्यालयातली मुलं बरणी घेऊन काढलेले दात मागायला येतात. द्यायला हरकत नाही, पण धुऊन, ऑटोक्लेव्ह करून. चांदी (म्हणजे पारा असलेलं मिश्रण) भरलेला दात मात्र ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका आणि जाळायच्या पिवळ्या पिशवीतही टाकू नका, पारा बाहेर पडतो. असे दात आणि चांदीचे तुकडे घट्ट झाकणाच्या वेगळ्या बाटलीत ठेवा.

सुई टोचलीच तर जखम दाबून रक्त काढू नका, स्पिरिट किंवा हायपो ओतू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच डॉक्टरांना सांगा. एचआयव्ही टाळायची औषधं दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात ती मिळतात. ‘सर रागावतील’ म्हणून गप्प बसायची ही जागा नव्हे.

दुपार आणि रात्र

दुपारी एक ते पाच बंद असणाऱ्या दवाखान्याला खरी साफसफाई तेव्हाच जमते. वरच्या मजल्यावरच्या आजोबांची झोप सांभाळून एअरोटरला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर मात्र बंद ठेवा. एसीची जाळी पंधरा दिवसांनी धुवा, एअरोटरचा सगळा फवारा तिच्यात जातो.

प्लास्टर आणि माप घ्यायचा अल्जिनेट बेसिनमध्ये सोडू नका. वाटी कागदाने पुसून मग धुवा, आणि बेसिनखाली प्लास्टर ट्रॅप बसवून घ्या. सोसायटीची ड्रेनेज लाइन एकदा सिमेंटने तुंबली की कमिटीच्या पुढच्या मीटिंगचा पहिला विषय तुम्हीच.

रात्री सक्शनमधून लिटरभर पाणी ओढा, जाळी काढून साफ करा. साबण किंवा फेस येणारं काही घालू नका, फेस मोटरमध्ये जातो. कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा कॉक उघडून पाणी काढा. क्युरिंग लाइटच्या (दातात भरलेलं मटेरियल कडक करणाऱ्या दिव्याच्या) टोकावर चिकटलेलं कॉम्पोझिट, म्हणजे तेच मटेरियल, बघा. प्रकाश अडतो, भरलेला दात आतून कच्चा राहतो आणि दोष मटेरियलला जातो.

आता फरशी. झाडू नको, धूळ उडून ट्रेवर बसते. ओला मॉप, आणि दोन बादल्या, एक औषधाची, एक मॉप खळबळायची. चेअरच्या खोलीचा मॉप आणि संडासाचा मॉप यांची भेट होता कामा नये. अशा बादल्या, ब्रश, झाकणाचे डबे बोहरी आळीत घाऊक भावात मिळतात. रक्त सांडलं तर त्यावर कागद टाकून एक टक्का हायपो ओता, दहा मिनिटांनी उचला. कॅनवर पाच टक्के लिहिलं असेल तर एक कप हायपोला चार कप पाणी. रोज ताजं करा, कॅन सावलीत ठेवा आणि लहानच घ्या, कारण एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात ते लवकर कमकुवत होतं. संडासाच्या ॲसिडमध्ये हायपो कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. मॉप धुऊन गॅलरीत वाळत टाका. ओल्या बादलीत रात्रभर राहिला तर सकाळी तुम्ही जंतूच पसरवता.

पावसाळा आणि सण

जूनपासून कॉम्प्रेसरमध्ये पाणी जास्त जमतं. एअरोटरच्या हवेत ओल आली की बेअरिंग खराब होतात, म्हणून कॉक दिवसातून दोनदा उघडा. प्लास्टर पोत्यातून काढून घट्ट डब्यात भरा. पाउचचं कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर पुढे ओढा, भिंतीची ओल कागदाला लागते.

विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता, कुमठेकर रस्ता बंद. पेठांतल्या दवाखान्यांनी कचऱ्याची गाडी आदल्या दिवशीच बोलवावी.

दसऱ्याला चेअरला हार घाला, हत्यारांची पूजाही करा. फक्त कुंकू ऑटोक्लेव्हच्या दाराच्या रबरावर नको, ती कड स्वच्छ राहिली नाही तर वाफ गळते. आणि झेंडूच्या पाकळ्या स्पिटूनच्या जाळीत जाऊ देऊ नका.

कागद

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी; खाटा नसलेल्या दवाखान्याला ती एकदाच घ्यावी लागते. रोजच्या कचऱ्याची वही. मागच्या वर्षाचा वार्षिक अहवाल ३० जूनच्या आत. हे सगळं पाच वर्षं जपायचं. एक्स-रे मशीनची नोंदणी अणुऊर्जा नियामक परिषदेच्या ई-लोरा प्रणालीत. शिशाचा ॲप्रन घडी न घालता टांगून ठेवायचा, घडीवर आतलं शिसं तडकतं.

याशिवाय एक साधी दोनशे पानी वही. प्रत्येक मशीनला दोन पानं: कधी घेतलं, सर्व्हिसिंग कधी झालं, कुठला वॉशर बदलला, स्पोअर टेस्टचा निकाल काय आला. टेक्निशियन, प्लंबर आणि कचऱ्याच्या गाडीचे नंबर वहीच्या पहिल्या पानावर आणि मागच्या खोलीच्या दारावर, दोन्हीकडे लिहा. ते फक्त डॉक्टरांच्या मोबाइलमध्ये असतात, आणि नळी फुटते तेव्हा डॉक्टरांचे दोन्ही हात पेशंटच्या तोंडात असतात.